तिसऱ्या रांगेतून गुलाबी मनोरा

जून सरायच्या आत मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवाडीतल्या ताईंना आणि मावशींना ‘अपडेट’ करून घ्यायचं असेल, तर वार रविवारच धरा. शाळेच्या दिवशी शिकायला सोडलं तर वर्ग कोण सांभाळणार? शिवाय रविवारचा पगार द्यावा लागत नाही, प्रमाणपत्र दिलं की भागतं. ते मात्र जाड कागदावर छापा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, तेव्हा त्यावर ‘८ तास’ ठळक येऊ द्या. साडेनऊ ते साडेपाच म्हणजे आठच तास होतात. त्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची वाट, पाहुणे, पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर, जेवण आणि दोन चहा गेले म्हणून घड्याळ काही थांबत नाही.

हॉल कर्वे रस्त्याच्या आसपास घ्या. पार्किंग नसलेला मिळाला तर उत्तम. गाडी उचलून नेतील या धास्तीने कोणी प्रश्न विचारत नाही आणि सत्र वेळेत संपतं. खुर्च्या ८०, ओळीत. लहान मुलाला हालचालीचं स्वातंत्र्य का हवं, हा विषय साडेदहा ते साडेबारा ऐंशी बायकांना जागचं हलू न देता शिकवा.

पहिलं सत्र इतिहासाचं ठेवा, कारण त्याला साहित्य लागत नाही. ही पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी: जन्म १८७०, रोममधलं पहिलं बालगृह, म्हणजे त्यांची लहान मुलांची शाळा, १९०७, चेन्नईतल्या अड्यारला आगमन १९३९, मृत्यू १९५२. प्रत्येक सनाला एक स्लाइड, आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवायचं. आपल्याकडच्या ताराबाई मोडकांना अर्धी स्लाइड पुरे. बोर्डी-कोसबाडला त्यांनी आजूबाजूला मिळेल त्या स्वस्त वस्तूंतून साहित्य उभं केलं, हे फार खोलात सांगू नका. मागच्या टेबलावर सवलतीत साहित्य विकायला ठेवलेलं असतं.

दट्ट्यांच्या पेटीशी खेळणाऱ्या त्या मुलीची गोष्ट मात्र सांगाच. दट्ट्यांची पेटी म्हणजे ओळीने भोकं असलेला लाकडी ठोकळा, प्रत्येक भोकात त्याच्याच मापाचा एक दट्टा. रोमच्या बालगृहातली लहान पोर, दट्टे काढतेय, घालतेय, चाळीसहून अधिक वेळा. भोवती मुलं गातायत, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं तरी तिने दट्टे मांडीत धरून काम चालू ठेवलं. सगळ्या ताई गोष्टीत रंगल्या की लगेच घंटा वाजवा: “चला, आता पुढची ॲक्टिव्हिटी!”

आता प्रात्यक्षिक. गुलाबी मनोरा निवडा, फोटोत छान येतो. यात दहा ठोकळे असतात, १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक आधीच्यापेक्षा तिन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटरने मोठा. म्हणजे सगळ्यात मोठ्यात सगळ्यात लहान हजार वेळा मावतो. हा फरक हाताला कळावा म्हणून मूल एकेक ठोकळा उचलून शेल्फपासून चटईपर्यंत नेतं, दहा खेपा घालतं. मोठा ठोकळा दोन्ही हातांनी, धाकटा चिमटीत. खेपा हाच तर पाठ. तुम्ही वेळ वाचवा. दहाही ठोकळे एका ट्रेमधून आणा, स्टेजवरच्या टेबलावर ठेवा आणि माईक हातात धरून एका हाताने मनोरा रचा. तो १ सेंटीमीटरचा ठोकळा तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही. दिसला नाही तर हरकत नाही, पडला की ऐकू येतो.

साहित्याला हात लावू देऊ नका. ८० जणींनी दट्टे हाताळले तर त्यांच्या एक गोष्ट लक्षात येईल, आणि ती विक्रीच्या टेबलाला परवडणारी नाही. मूल चुकलं हे पेटीनेच मुलाला सांगायचं असतं. जाड दट्टा बारीक भोकात जात नाही, आणि बारीक दट्टा जाड भोकात टाकला तर शेवटी एक दट्टा हातात उरतो. ढिसाळ कापलेल्या स्वस्त पेटीत शेजारचे दोन दट्टे दोन्ही भोकांत जातात. मग पेटी गप्प बसते आणि ताईला “चुकलं हं” म्हणावं लागतं. शिवाय लाकडाला नीट पॉलिश नसलं तर मे महिन्यात सहज निघणारा दट्टा जुलैतल्या दमट हवेत फुगून बसतो. मूल मुठीने ओढतं, पेटी आपटतं, आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्याच्या नावापुढे ‘आक्रमक’ असा शेरा पडतो.

भाषेच्या सत्रात तीन टप्प्यांचा पाठ घ्या. मूळ पद्धत अशी: पहिल्या टप्प्यात फक्त नाव, “हे जाड”, “हे बारीक”. दुसऱ्यात “जाड माझ्या हातात दे”, “बारीक खिडकीत ठेव”. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा, कारण इथे मुलाला बोलावं लागत नाही, नुसतं ओळखायचं असतं. तिसऱ्यात “हे कसं आहे?”, तेही दुसऱ्या टप्प्यात मूल पक्कं झालं असेल तरच. दुसऱ्यातच अडखळलं तर चूक दाखवायची नाही, साहित्य हसतमुखाने आवरायचं आणि पाठ परत कधीतरी घ्यायचा. कार्यशाळेत याला वेळ कुठला? पहिला टप्पा स्लाइडवर दाखवा आणि थेट तिसऱ्यावर या. शेवटच्या रांगेतल्या एखाद्या ताईला उभं करा: “सांगा बरं, तीन टप्पे कोणते?” ती गडबडली की सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगा. प्रोत्साहन म्हणून.

जेवणानंतर दैनंदिन जीवनातली कामं. ओतण्याचा ट्रे कसा लावायचा ते तोंडी सांगून टाका. चोच असलेले दोन अगदी सारखे छोटे गडू, एकात तांदूळ, दुसरा रिकामा. सारखे, म्हणजे एकातलं सगळं दुसऱ्यात मावतं. तांदूळ जमले की पाणी, गडूवर रंगाच्या रेघेपर्यंत. ट्रेमध्ये पिळलेला स्पंज. गडू काचेचे किंवा चिनी मातीचे असले तर निष्काळजीपणाचा आवाज मुलालाच ऐकू येतो. तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानांतून हिंडलं तर अर्धं सामान थोडक्यात जमतं. आपण मात्र ऑनलाइन प्लॅस्टिकचा सेट मागवावा. तो फुटत नाही, म्हणून मूलही जपून धरत नाही. पण रंगीत असतो. स्पंज वगळा. सांडल्यावर मूल “मावशीऽऽ” म्हणून हाक मारतं आणि मावशी कशाला ठेवल्यात, हे पालकांना पटतं.

मावशींचं काय करायचं, हा खरा प्रश्न. त्यांना बोलवा, म्हणजे चहा वेळेवर येतो. त्यांच्यासाठी वेगळी कार्यशाळा घेण्याच्या फंदात पडू नका. घ्यायचीच म्हटलं तर दहा-बारा जणी, तीन तास, जमिनीवर बसून आणि खरं साहित्य हातात, एवढं लागेल. फोटोत गर्दी दिसत नाही. आणि त्या काय शिकतील? पाणी सांडलं तर जागचं हलायचं नाही, आधी मुलाची नजर स्पंजाकडे जाते का ते पाहायचं. नाही गेली तर जवळ जाऊन खाली बसायचं, हळू आवाजात स्पंज दाखवायचा, एकदा टिपून वाटीत पिळायचा आणि उरलेलं त्याच्यावर सोडून उठायचं. बंदाची चौकट, म्हणजे कापडाचे बंद बांधायला-सोडायला शिकायची लाकडी चौकट, घेऊन मूल पंधरा मिनिटं गाठीशी झटत असेल तर “आण इकडे, बांधून देते” म्हणायचं नाही. मूल कामात बुडालेलं असताना “शाब्बास!” सुद्धा म्हणायचं नाही, कारण शाब्बास म्हटल्यावर ते वर बघतं आणि बहुतेक वेळा परत कामाकडे जात नाही.

हे सगळं मावशींना कळलं तर वर्गातली अर्धी धावपळ थांबेल. धावपळ थांबली की वर्ग रिकामा वाटतो, आणि प्रवेशाच्या मोसमात काचेतून डोकावणाऱ्या पालकांना रिकामा वर्ग आवडत नाही.

त्याहून धोकादायक म्हणजे त्या रोज सकाळी साहित्य मोजू लागतील. मोजणी शिकवणाऱ्या, खणांच्या काड्यांच्या पेटीत ४५ काड्या हव्यात: शून्याचा खण रिकामा, मग एकापासून नऊपर्यंत. एक हरवली तर नऊच्या खणाला आठच उरतात आणि बरोबर मोजणारं मूल स्वतःला चुकलेलं समजतं. मावशीने हे येऊन सांगितलं की नवी काडी आणावी लागते. न सांगितलं तर मुलाचं गणित कच्चं म्हणता येतं, आणि त्यासाठी स्वतंत्र शिकवणी सुरू करता येते.

अभिप्रायाचे फॉर्म जेवणाच्या आधी भरून घ्या. पोट रिकामं असलं की माणूस पटापट पाचपैकी पाच देऊन टाकतो. ‘सूचना’ या रकान्याला अर्धी ओळ पुरे.

सोमवारी मात्र सावध राहा. ऐंशीतली एखादी ताई असते, जिच्या डोक्यात काहीतरी शिरलेलं असतं. ती तुमच्या केबिनमध्ये येईल आणि म्हणेल, “रोज अर्धा तास मी नुसती खुर्चीवर बसून मुलांचं निरीक्षण करू का? कोण काय निवडतं, किती वेळा करतं, कुठे सोडून देतं, एवढंच वहीत लिहीन.” तिला खुर्ची देऊ नका. आषाढीची दिंडी तोंडावर आली आहे, तीस कागदी तुळशीवृंदावनं व्हायची आहेत, असं सांगा. कापायचीही तिनेच. मुलांनी कापली तर वाकडी होतात, आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो सकाळी नऊलाच टाकायचा असतो.