गळ गिळलेला मासा: ओढून काढू नका, तंगूस (गळाची दोरी) कापा

हौशी अँगलर, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या, मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे तर माझ्याकडूनच गळ बांधायला शिकलेले आहेत, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचा गाभा असा:

‘मासा पकडून सोडणाऱ्यांनी लक्षात ठेवा. १) गळ गिळला असेल तर तो काढूनच मासा सोडा, आत राहिलेला गळ माशाला हाल करून मारतो. २) मासा पोहत खोल गेला म्हणजे वाचला. ३) गळ अगदीच निघाला नाही तरी काळजी नको, चार-पाच दिवसांत गंजून विरघळतो. ४) सर्कल हुक लावा, मग मासा गळ गिळतच नाही. ५) सोडलेल्या माशाचं नुकसान शून्य.’

लिहिणाऱ्याला माशांबद्दल कळकळ आहे, हे मला मान्य आहे. पण यातला पहिला मुद्दा पाळणाऱ्याच्या हातून मासे मरतात. ज्यांनी हे प्रयोग करून मोजलं आहे, त्यांचे आकडे याच्या अगदी उलट बोलतात.

‘गळ काढूनच मासा सोडा’

आधी माशाची रचना पाहू. माशाला मान नसते. कल्ल्यांच्या मागे, घशाच्या अगदी खाली त्याचं हृदय असतं. अन्ननलिका आखूड असते आणि तिच्यालगतच यकृत. बाजारात मासा साफ करताना कल्ले उपटले की त्यांच्यासोबत कधीकधी बोराएवढा लालभडक गोळा बाहेर येतो, तेच हृदय. म्हणजे गळ ‘पोटात गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं टोक बहुतेक वेळा हृदय, यकृत आणि कल्ल्यांच्या रक्तवाहिन्या यांच्यापासून बोटभरही लांब नसतं. तो गळ आत शिरताना एक जखम करतो. पक्कड घालून ओढताना त्याचा उलटा काटा, म्हणजे बार्ब, मांस फाडत येतो आणि दुसरी जखम करतो. ही दुसरी जखम पहिलीपेक्षा मोठी असते, आणि ती आपण केलेली असते.

हा प्रश्न अमेरिकेत १९६७ सालीच तपासला गेला. खोलवर गळ गिळलेले रेनबो ट्राउट घेऊन काहींचा गळ काढला, काहींची नुसती दोरी कापली आणि मग सगळे मासे चार महिने सांभाळले. दोरी कापलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जगले. गळ काढलेल्यांपैकी दहांत जेमतेम एक.

ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा, आपल्याकडे ते लागू नाही, असं कुणी म्हणेल. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सकडे येऊ. तिथे २००७ मध्ये दोन माशांवर हाच प्रयोग झाला: खाडीतला यलोफिन ब्रीम आणि मलोवे. मलोवे आपल्या घोळ माशाच्याच कुळातला आहे, त्यामुळे कोकणातल्या वाचकाने हे आकडे जरा थांबून वाचावेत. गळ गिळलेल्या माशांना दहा दिवस टाक्यांत ठेवलं. गळ ओढून काढला तेव्हा ब्रीमपैकी ८७.५ टक्के मेले, मलोवेपैकी ७२.७ टक्के. नुसती दोरी कापली तेव्हा ब्रीमपैकी १.७ टक्के आणि मलोवेपैकी १६ टक्के. मासा तोच, गळ तोच, गिळलेला तेवढाच खोल. फरक फक्त आपण काय केलं याचा.

कॅनडात ब्लूगिल या छोट्या माशावर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामाचा निकालही याच दिशेचा आहे. दहा दिवसांत गळ काढलेल्यांपैकी ४४ टक्के मेले, दोरी कापलेल्यांपैकी १२.५ टक्के. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोरी कापून सोडलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक माशांनी त्या दहा दिवसांत गळ स्वतःहून बाहेर टाकला होता. जे काम आपण पक्कड घेऊन, गुडघ्यात मासा दाबून करायला जातो, ते मासा स्वतः सावकाश आणि कमी इजा करून घेऊन करतो.

तेव्हा मेसेजमधलं पहिलं वाक्य उलटं करा. तोंड उघडल्यावर गळाचं बूड दिसत नसेल, तर पक्कड खिशातच राहू द्या. मासा पाण्यात असतानाच तंगूस शक्य तितकी गळाजवळ कापा, मागे लांब शेपटी लोंबू देऊ नका. ओठात, जबड्यात किंवा तोंडाच्या कोपऱ्यात लागलेला गळ मात्र काढायचाच. तिथे बार्ब चेपलेला असेल तर एका हिसक्यात निघतो.

याचा अर्थ गिळलेला गळ निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. मलोवेमधले ते १६ टक्के दोरी कापूनही गेले. टोक आधीच हृदयात किंवा यकृतात घुसलं असेल तर कात्री काय करणार? हे प्रयोग बहुतेक एकेरी, लहान-मध्यम गळांवर झालेले आहेत. तीन तोंडांचा ट्रेबल हुक घशात अडकला तर तोच हिशोब लावायची माझी हिंमत नाही. आणि कल्ल्यांतून रक्ताची धार लागली असेल, तर दोरी कापा किंवा गळ काढा, आशा कमीच.

‘पोहत खोल गेला म्हणजे वाचला’

हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं खरं मानत होतो. एका धरणाच्या फुगवट्यावर, मे महिन्यात, गांडुळावर मला चांगला हातभर शिंगाळा लागला होता. गळ पार आत. मी पाच मिनिटं खटपट करून तो काढला, मासा पाण्यात धरला, त्याने शेपटी मारली आणि गेला. मी खूश. रात्री मुक्काम तिथेच होता. सकाळी काठापासून थोड्या अंतरावर तोच मासा पोट वर करून तरंगत होता. घशातून निघताना त्याच्या ओठाच्या कडेला गळाने ओरखडा काढला होता, त्यावरून ओळखला. आम्ही तिथून रात्रीच निघालो असतो, तर आजही मी तो ‘सोडलेल्या’ माशांत मोजला असता.

पोहत जाणं हा जगण्याचा पुरावा होत नाही. घाबरलेला मासा उरलेल्या ताकदीनिशी खोल पाणी गाठतो. गळामुळे होणारे बहुतेक मृत्यू पहिल्या एक-दोन दिवसांत होतात, म्हणजे आपण घरी पोचून फोटो टाकून झाल्यावर. मेलेला मासा लगेच वर येतो असंही नाही. तो तळाशी बसतो, कासव, खेकडे, मगर, ऊद यांपैकी कुणाच्या तरी पोटात जातो. म्हणूनच ‘सोडलेला मासा मेलेला कुणी पाहिलाय?’ हा प्रश्न फसवा आहे. पाहायला आपण तिथे नसतोच.

माझ्या शिंगाळ्याच्या बाबतीत आणखी एक चूक होती, तिच्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ती पाच मिनिटं. १९९२ सालच्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवलं आणि मग पाण्याबाहेर धरलं. नुसते दमवलेले मासे बारा तासांनी ८८ टक्के जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत धरलेले ६२ टक्के. ६० सेकंद धरलेले २८ टक्के. एक मिनिट! आपल्याकडे फोटोसाठी त्याहून जास्त वेळ जातो. हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मासा गुदमरतो. गिळलेला गळ काढण्याचा उद्योग म्हणजे फाटलेला घसा आणि हे गुदमरणं, दोन्ही एकदम. त्यात उन्हाळ्याचं पाणी: जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. एप्रिल-मेच्या दुपारी मी आता सोडण्यासाठी मासे पकडतच नाही.

‘चार-पाच दिवसांत गंजून विरघळतो’

मेसेज लिहिणाऱ्याला पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यातला विरोध दिसला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. आत राहिलेला गळ हाल करून मारतो, आणि तोच गळ आठवड्याच्या आत विरघळतो?

गळ विरघळत नाही. ऑस्ट्रेलियातच गळ आत ठेवून सोडलेल्या यलोफिन ब्रीमवर तीन महिन्यांहून अधिक काळ लक्ष ठेवलं गेलं. वाचलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माशांनी गळ बाहेर टाकला, पण त्याला ६ ते ५६ दिवस लागले. बाहेर पडलेल्या गळांचं वजन फार घटलेलं नव्हतं, साधारण ९४ टक्के शिल्लक होतं. मात्र गंजाने ते कमकुवत झाले होते आणि पुष्कळसे दोन तुकडे होऊन पडले. म्हणजे गंजाची मदत होते, पण ती गळ मोडायला. साध्या कार्बन स्टीलचा गळ यासाठीच घ्यायचा. स्टेनलेस स्टीलचा गळ न गंजण्यासाठीच बनवलेला असतो. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळावरचे मासे नैसर्गिक आमिषावर धरणाऱ्यांना २००८ पासून स्टेनलेस नसलेलेच सर्कल हुक वापरणं बंधनकारक केलं गेलं, ते उगाच नाही.

‘सर्कल हुक लावला की मासा गिळतच नाही’

यात अर्ध्याहून अधिक तथ्य आहे, म्हणून भांडण थोडंच. सर्कल हुकचं टोक आतल्या बाजूला, दांडीकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला आणि दोरी ताणली गेली की गळ घशातून घसरत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. २००४ साली अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले गेले, तेव्हा साध्या जे-आकाराच्या गळापेक्षा सर्कल हुकवर मृत्यू सरासरीने जवळपास निम्मे आढळले. काही प्रजातींत मात्र फायदा दिसलाच नाही.

निम्मे म्हणजे शून्य नव्हे. आणि सर्कल हुक लावून आपल्या सवयीचा जोरदार झटका मारला, तर त्याचा उपयोगच संपतो. तो हळूहळू रीळ फिरवत ताणायचा असतो. टोक बाजूला वाकवलेले, ‘ऑफसेट’ सर्कल हुक दुकानात मिळतात, तेही टाळा. टोक जितकं जास्त वाकलेलं तितका तो साध्या गळासारखा वागतो.

गळ गिळला जातो तो मुख्यतः आपल्या पद्धतीमुळे. गांडूळ किंवा जिवंत मासळी लावून, रॉड काठीला टेकवून चहा प्यायला गेलं, की मासा निवांतपणे सगळं आत घेतो. मरळ तर हमखास. रॉड हातात असेल, दोरी फार ढिली नसेल, तर पहिल्या ओढीलाच कळतं. कृत्रिम आमिष मासा सहसा गिळत नाही, कारण चव लागताच थुंकायला बघतो.

‘नुकसान शून्य’

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातले ५३ अभ्यास आणि त्यांतले २७४ मृत्यूदर एकत्र केले गेले. सरासरी १८ टक्के, मध्यक (म्हणजे निम्मे आकडे याच्या खाली, निम्मे वर) ११ टक्के, आणि पल्ला ० ते ९५. मासा जगणार की मरणार हे ठरवणाऱ्या कारणांत गळ कुठे लागला हे सर्वांत महत्त्वाचं ठरलं.

छोटी टक्केवारीही किती मोठी होऊ शकते, हे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बासवरून दिसतं. तिथे सोडलेल्यांपैकी ९ टक्के मासे मरतात असं व्यवस्थापनाच्या हिशोबात धरतात. वाटायला किरकोळ. पण सोडले जाणारे मासे इतके, की २०१७ मध्ये माणसाच्या हातून मेलेल्या एकूण स्ट्राइप्ड बासपैकी सुमारे ४८ टक्के हे ‘सोडलेले’ मासे होते. २०२१ पासून तिथे आमिषावर सर्कल हुक सक्तीचा झाला.

आपल्याकडे ‘पकडा आणि सोडा’ म्हटलं की महसीर आठवतो. कावेरीवरच्या गालिबोरे कँपात १९९८ ते २०१२ या काळात सहा हजारांवर महसीर पकडून सोडल्याची नोंद अँगलरांच्या वह्यांत आहे. त्याच नोंदींमुळे कळलं की कावेरीचा मूळचा, मोठ्या वशिंडाचा महसीर घटत चालला आहे आणि बाहेरून आणून सोडलेला ब्लू-फिन महसीर वाढतो आहे. (या ब्लू-फिनच्या पिल्लांचा एक मोठा उगम आपल्या लोणावळ्याच्या महसीर केंद्रात आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.) वशिंडाचा महसीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अँगलरांनी नोंदी ठेवल्या नसत्या तर ही घट इतकी स्पष्ट दिसली नसती, म्हणून पकडून सोडण्याच्या मी विरोधात नाही.

कावेरीवरच गळाला लागलेल्या ब्लू-फिनची तपासणी झाली, २०१६ साली ती छापून आली. दहांपैकी नऊ महसीरांना गळ तोंडातच लागलेला होता. हे चांगलं आहे. पण जितकी जास्त वेळ झुंज, तितका माशाच्या शरीरावरचा ताण जास्त, आणि सर्वांत वाईट अवस्था मोठ्या माशांची. ज्या मोठ्या मादीच्या फोटोसाठी आपण अर्धा तास झुंजतो, तीच सर्वाधिक अंडी देणारी असते.

म्हणून मी माझी वही बदलली आहे. पूर्वी दोन रकाने होते, ‘ठेवला’ आणि ‘सोडला’. आता ‘सोडला’च्या पुढे गळ कुठे लागला ते लिहितो: ओठ, जबडा, घसा, कल्ला. घशातला असेल तर तंगूस कापली का, तेही. एका दिवसात घशात लागलेले दोन झाले की आमिष किंवा गळ बदलतो. तरीही तिसरा तसाच लागला, तर रॉड गुंडाळून घरी येतो. कल्ल्यातून रक्त वाहणारा मासा खाण्याजोगा असेल, आणि त्या पाण्यात ठेवायला परवानगी असेल, तर मी तो सोडत नाही, मारून घरी आणतो आणि ‘ठेवला’मध्ये लिहितो.