चार तुकडे म्हणजे चौपट वेळ नव्हे

स्मोकरमध्ये (मंद आचेच्या धुरात मांस तासन्‌तास शिजवण्याच्या बंद भट्टीत) डुकराच्या खांद्याचे अनेक मोठे तुकडे एकदम लावायचे असतील, तर सर्वांच्या वजनाची बेरीज करावी आणि पौंडामागे दीड तास धरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच्या जोडीला आणखी तीन विधाने येतात: वेळ आटोक्यात ठेवण्यासाठी आच वाढवावी, मधेच मांसाचे तापमान थबकले तर विस्तवाला भार पेलत नाही असे समजावे, आणि तुकडे सारखे असतील तर एकातच थर्मामीटर खुपसावा.

पहिले विधान साध्या गणितावरच कोसळते. सुमारे १०७ अंश सेल्सिअसच्या धुरात ८ पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेतीन किलोंच्या, ‘बोस्टन बट’ला (नावावर जाऊ नये, हा खांद्याचाच वरचा भाग) दीड तासाच्या हिशेबाने १२ तास लागतात, बेरजेचा नियम खरा मानला तर अशा चार तुकड्यांना ४८ तास लागावेत, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रात्रभरात डझनांनी खांदे शिजवणाऱ्या खानावळींना दार उघडायला आठवडा उजाडावा. प्रत्येक तुकडा आपापल्या पृष्ठभागातून उष्णता घेतो, ती मध्यापर्यंत किती अंतर कापते यावर त्याचा वेळ ठरतो, आणि शेजारी दुसरा तुकडा असल्याने हे अंतर बदलत नाही. म्हणूनच वजनापेक्षा जाडी महत्त्वाची: सारख्याच जाडीचा पण लांबीने मोठा तुकडा वजनाच्या प्रमाणात जास्त वेळ घेत नाही.

तरीही संख्येचा काहीच परिणाम होत नाही, हे उलट टोकाचे म्हणणेही मला मान्य नाही. कुकरमध्ये एक बटाटा असो वा सहा, शिट्ट्या तेवढ्याच लागतात, पण पहिली शिट्टी उशिरा होते. तसेच फ्रिजमधून काढलेले पंधरा किलो थंड मांस आत गेले की स्मोकरचे तापमान घसरते आणि ते पूर्ववत होईपर्यंत कोळसाही जास्त लागतो. तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले तर मात्र दोन मिळून एक जाड तुकडा होतो आणि वेळ खरोखरच वाढतो, म्हणून हवा खेळण्यापुरती दोन-तीन बोटांची फट ठेवावी.

आच वाढवण्याबद्दल एवढेच सांगता येईल, की १३५ अंशांवरही खांदा चांगला होतो. पण तो निर्णय एका तुकड्यासाठीही घेता येतो, त्याचे कारण तुकड्यांची संख्या हे नव्हे.

तिसरा गैरसमज सर्वांत महाग पडतो. मांसाच्या आतले तापमान साधारण ६५ ते ७५ अंशांदरम्यान कित्येक तास थबकते, ते एकट्या तुकड्यातही थबकते, आणि त्याचे कारण उन्हाळ्यात माठातले पाणी ज्यामुळे गार राहते तेच आहे: पृष्ठभागावरचा ओलावा बाष्प होताना उष्णता घेऊन जातो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी हे प्रयोगाने दाखवले. ओल्या स्पंजचे तापमान तसेच थबकले, चरबीच्या गोळ्याचे थबकले नाही. अशा वेळी घाबरून कोळसा ओतणारा बाहेरची साल करपवून बसतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावा, म्हणजे बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि काटा पुन्हा सरकू लागतो.

राहिला थर्मामीटर. विस्तवाकडील बाजू जास्त तापते, तुकड्यांतले हाड आणि चरबी सारखी नसते, त्यामुळे एकाच वेळी लावलेले जुळे वाटणारे तुकडेही तासा-दोन तासांच्या फरकाने तयार होतात. त्यामुळे जागा मधूनमधून बदलावी आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासावा: ६३ अंशांना खांदा खाण्यास सुरक्षित होतो खरा, पण आतले कोलॅजन (मांस चिवट ठेवणारे प्रथिन) विरघळून मांस बोटांनी सुटे होण्यासाठी ९३ ते ९६ अंश गाठावे लागतात. जो आधी तयार होईल तो फॉइल आणि जाड टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवावा. ६० अंशांच्या खाली उतरू दिला नाही, तर मागाहून येणाऱ्यांची वाट पाहण्यात त्याचे काही बिघडत नाही.