प्रतिक्रियेला उत्तर : केबल, कार्ड आणि दोन दिवसांचा अभ्यास

‘४के मॉनिटरवर १४४ हर्ट्झ कसे मिळवावे’, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला १४४ वेळा नव्याने कसे आणावे (या वेगाला रिफ्रेश रेट म्हणतात), या माझ्या लेखावर एका वाचकांनी टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. मी सोयीचे तेवढेच उचलले असे कोणी म्हणू नये, म्हणून ती जशीच्या तशी देतो (‘कार्ड’ म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारे ग्राफिक्स कार्ड, ‘डिस्प्लेपोर्ट’ म्हणजे त्या दोहोंना जोडण्याचा एक प्रकार, आणि ‘यादी’ म्हणजे निवडता येणाऱ्या हर्ट्झची यादी) : ‘केबल बदलून काही होत नसते, सगळा खेळ कार्डाचा असतो. माझ्याकडे जीटीएक्स १०८० आहे. तुमचे वाचून डिस्प्लेपोर्टची नवी केबल आणली, तरी यादीत १२० च्या वर काही दिसत नाही. गिगाबिट आणि गिगाबाइट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने लिहिण्याआधी दोन दिवस अभ्यास करावा. वाचकांचे पैसे वाचतील.’

आधी चूक कबूल करतो. एचडीएमआय २.० या जोडणीच्या दुसऱ्या प्रकाराची क्षमता सांगताना मी ‘१८ गिगाबाइट’ असे लिहिले होते; तेथे ‘सेकंदाला १८ गिगाबिट’ असे हवे होते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे माझ्या हातून ती क्षमता आठपट फुगली. दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. मात्र त्याच परिच्छेदातला पुढचा सगळा हिशेब बिटांतच होता आणि तो बरोबर होता, हे आपल्या नजरेतून निसटलेले दिसते. लिहिताना एक शब्द चुकला एवढ्यावरून लिहिणाऱ्याला त्यातला फरकच कळत नाही असे ठरवून मोकळे होणे, ही टीका नव्हे, उतावीळपणा आहे.

आता दोन दिवसांच्या अभ्यासाविषयी. २००२ साली माझ्या टेबलावर १७ इंची सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा जुना मॉनिटर होता आणि तो १०२४ × ७६८ वर ८५ हर्ट्झ देत असे. ६० वर ठेवला की पडदा लुकलुके आणि संध्याकाळपर्यंत डोके ठणकू लागे. रिफ्रेश रेट म्हणजे काय हे मी कोणत्याही लेखातून शिकलो नाही, त्या डोकेदुखीतून शिकलो. २०१४ साली हौसेने २८ इंची ४के मॉनिटर आणला, तेव्हा माझ्या कार्डावरचे एचडीएमआय १.४ त्या रिझोल्यूशनला ३० हर्ट्झच्या पुढे जात नव्हते. माउस हलवला की बाण ठेचकाळत पुढे सरके. कार्डासाठी पुन्हा पैसे जमेपर्यंत सहा महिने मी त्याच पडद्यावर रोज आठ तास काम केले आहे. तेव्हा अभ्यास दोन दिवसांचा नाही, बावीस वर्षांहून अधिक काळाचा आहे, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

आपले पहिले वाक्य मात्र तसेच सोडून देता येणार नाही, कारण असले वाक्य वाचून लोक धडधाकट कार्डे विकायला काढतात. ‘केबल बदलून काही होत नसते.’ कागद-पेन्सिल घ्या. ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आठ-आठ असे २४ बिट लागतात. हे चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवायचे तर सुमारे २३.९ गिगाबिट होतात, आणि ओळी व चौकटी (चौकट म्हणजे एक पूर्ण चित्र) यांच्यामध्ये सोडावा लागणारा रिकामा काळ धरला तर साधारण २५.८. डिस्प्लेपोर्ट १.४ चा कागदावरचा वेग ३२.४ गिगाबिट असला, तरी त्यात दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवावे लागत असल्याने प्रत्यक्ष हाती २५.९२ उरतात. म्हणजे १२० हर्ट्झ त्या वाटेतून अक्षरशः अंग चोरून जाते. १४४ साठी याच हिशेबाने ३१ च्या वर लागतात आणि ते मावत नाहीत.

घोडे नेमके येथे पेंड खाते. हे २५.९२ गिगाबिट मिळतात ते केबलमधल्या चारही वाहिन्या प्रत्येकी ८.१ च्या पूर्ण वेगाने चालल्या तरच. संगणक सुरू झाला की कार्ड आणि मॉनिटर केबलवरून एकमेकांची चाचपणी करतात. ८.१ चा वेग स्थिर राहत नसेल तर ५.४ वर उतरतात, तोही जमला नाही तर २.७ वर. ५.४ वर उतरले की हाती १७.२८ गिगाबिट राहतात, आणि कार्डाला चित्र दाबून लहान करता येत नसेल तर तेवढ्यात ४केचे १२० हर्ट्झ बसत नाहीत. मग यादीत ६० च्या आसपासचेच आकडे उरतात. कार्ड तेच, मॉनिटर तोच, बदलली ती फक्त केबल. याला ‘काही होत नसते’ म्हणायचे असेल तर मग ‘होणे’ या क्रियापदाचा अर्थच नव्याने ठरवावा लागेल.

यावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो मला तीन आठवड्यांना पडला. काही वर्षांपूर्वी १२० हर्ट्झ लावले की माझा पडदा मधूनच दोन सेकंद काळा होई आणि पुन्हा येई. विशेष म्हणजे मी खुर्चीवरून उठलो किंवा बसलो की हे हमखास होत असे. घरचे हसत. मीही कार्डालाच दोष दिला, ते खोलून सेवा केंद्रात पाठवले, आणि तीन आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी चिकटून ते परत आले. पडदा काळा होतच राहिला. पुढे कळले की खुर्चीच्या गॅसच्या नळकांड्यातून उठताबसताना स्थिर विजेची बारीक ठिणगी पडते, आणि आच्छादन कच्चे असलेली केबल तो धक्का सहन करू शकत नाही. बाराशे रुपयांची, डीपी८के, म्हणजे ८.१ चा पूर्ण वेग पेलते असे प्रमाणपत्र असलेली दोन मीटरची केबल लावली आणि तो प्रकार त्या दिवशी थांबला. खुर्ची अजून तीच आहे. कार्डाचा खेळ म्हणून मी तीन आठवडे एका जुन्या लॅपटॉपवर काढले, म्हणूनच त्या वाक्याचा मला राग येतो, हे लपवत नाही.

शिवाय आपल्याच प्रतिक्रियेत माझ्या बाजूचा पुरावा आहे. नव्या केबलने यादीत १२० दिसतात, असे आपणच लिहिता. म्हणजे केबल आपल्या पूर्ण वेगाने चालते आहे. जुन्या केबलवर किती दिसत होते ते मात्र आपण सांगितलेले नाही. ६० दिसत असतील, तर आपला रिफ्रेश रेट दुप्पट करून देणाऱ्या लेखाखाली बसून आपण त्याच लेखकाला अभ्यास करायला सांगत आहात. १२० च दिसत असतील, तर जुनी केबल चांगलीच होती आणि नवी घेण्याची गरज नव्हती. पण ती आधी तपासून पाहा, असे मी लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते.

राहिला कार्डाचा मुद्दा. त्यात फारसे काही नाही. जीटीएक्स १०८० हे २०१६ चे कार्ड आहे आणि त्याला डीएससी, म्हणजे चित्र पाठवण्याआधी दाबून लहान करण्याची सोय नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून आली, एएमडीत आरएक्स ५००० मालिकेपासून. ही सोय असेल तर १४४ हर्ट्झ डिस्प्लेपोर्ट १.४ मधून सहज जातात, नसेल तर १२० वर थांबावे लागते. रंगाची माहिती निम्मी करून १४४ बसवता येतात, हे खरे. २०१८ च्या असूस पीजी२७यूक्यू या मॉनिटरमध्ये तेच केले जाई, मॉनिटरने ते स्वीकारले तर आपल्यालाही जमेल. पण लाल अक्षरांच्या कडा अशा काही पसरतात की मजकूर वाचणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. एचडीएमआय २.१ ची केबल आणूनही उपयोग नाही, कारण आपल्या कार्डाचे एचडीएमआय २.० च्या पिढीचे आहे. माझे त्या वेळचे कार्डही डीएससी नसलेलेच होते आणि मी १२० वर समाधानी होतो. १२० वर एक चौकट ८.३३ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९४. हा फरक ज्यांना रोज जाणवतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

‘वाचकांचे पैसे’ या शब्दांतून मी केबल विकतो की काय असा वास येतो. मी विकत नाही, आणि लेखात एकाही दुकानाचे नाव नव्हते.

आपल्या अडचणीपुरते सांगतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्याखाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन १२० निवडा. यादीत दिसतात म्हणून ते आपोआप लागलेले असतात असे नाही, पुष्कळदा विंडोज ६० वरच बसलेले असते. प्रत्येक रंगासाठीचे बिट (‘कलर डेप्थ’) आठच ठेवा, दहा केलेत तर १२० ही निघून जातील. १४४ त्या कार्डावर पूर्ण रंगांत दिसणार नाहीत. हे माझ्या लेखातल्या तक्त्याखालच्या तळटीपेत लिहिलेले होते. तळटीप बारीक अक्षरांत होती आणि लेखाच्या शीर्षकात १४४ ठळक होते, ही तक्रार आपण केली असती तर तिला उत्तर देणे मला जरा जड गेले असते. पण ती आपण केलेली नाही.