‘आधी शेड धुवा, मग लेख लिहा’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्यानं आमच्या तुतीवर आली आणि पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या आमच्या रेशीम अळ्यांच्या तीन रॅकपैकी दोन रॅक गेले. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: ‘पाचवी अवस्था पाच दिवसांची नसते. अळ्या रोगानं मेल्या, फवारणीचं निमित्त. त्यानं जैविक औषध मारलं असेल, त्यानं काही होत नाही. शेतकऱ्यानं कपाशी फवारायचीच नाही का? आधी शेड धुवा, मग लेख लिहा.’

पहिलं मान्य. ती अवस्था सात-आठ दिवसांची. लेखात दुरुस्त केलंय, आभार.

पण शेवटचं वाक्य? साहेब, तुम्ही आमचं शेड पाहिलंय का? ऊस मोडून तुती लावली त्याला बारा वर्षं झाली. दर बॅचनंतर रॅक, भिंती, फरशी ब्लिचिंगनं धुतो, चुना मारतो. माझ्या बायकोच्या बोटांना त्या ब्लिचिंगच्या भेगा आहेत. ज्यांनी एकदाही मोल्टमधून, म्हणजे कात टाकून उठणाऱ्या अळ्यांसाठी रात्र जागवली नाही, त्यांनी हे वाक्य इतक्या सहज लिहावं, याचं वाईट वाटलं.

आता रोगाचं. ग्रासरी, म्हणजे रेशीम अळीचा विषाणूजन्य रोग, झाली की अळी पेऱ्यापेऱ्यात सुजते, कातडी चकाकते, टोचलं तर दुधासारखं पाणी येतं. त्या अळ्या रॅकच्या कडेनं फिरत राहतात आणि दिवसागणिक वाढत जातात. आमच्याकडं काय झालं? सकाळी ७ ला फांद्या टाकल्या. १० वाजता पाला खाण्याचा सरसर आवाजच बंद झाला. अळ्या डोकं वर करून इकडून तिकडं हलवत होत्या, तोंडातून हिरवट-तपकिरी पाणी येत होतं, खालच्या कागदावर त्याचे डाग पडले होते. संध्याकाळपर्यंत आखडून निम्म्या झाल्या. दूध एकीतूनही निघालं नाही. आणि मेल्या फक्त कपाशीकडच्या बांधाचा पाला खाल्लेल्या. विहिरीकडचा पाला खाल्लेला तिसरा रॅक त्याच शेडमध्ये चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर चढला. शेड घाण असतं तर तो वाचला असता का, याचं उत्तर द्या.

अळी म्हणजे मुख्यतः आतडंच असतं. आयुष्यभराच्या पाल्यातला ८० टक्क्यांहून अधिक ती या पाचव्या अवस्थेत खाते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध पोटात गेलं की नसांचे संदेश थांबवणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं, स्नायू आवळतच राहतात आणि आतड्यातलं सगळं उलटून तोंडातून येतं. कागदावरचे डाग ते हेच. मात्रा कमी असली तर अळी लगेच मरत नाही. मधल्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी फुगतात, सुटून पडतात, पाल्याभोवतीचा पातळ पडदा फाटतो, पाचक विकरं घटतात. अळी खाते पण अंगी लागत नाही, कोषाचं कवच पातळ होतं. अशा फाटक्या आतड्यात जिवाणू शिरले की फ्लॅचेरी, म्हणजे अळी मऊ पडून सडण्याचा रोग. म्हणजे पुढं रोग दिसला तरी त्याला दार कुणी उघडलं, हे विचारावंच लागतं. तुम्ही तो प्रश्न विचारलाच नाहीत, थेट आमच्या झाडूवर आलात.

‘जैविक’ म्हणालात म्हणून सांगतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे ज्याला आपण बीटी म्हणतो, तो जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना सापडला तोच मेलेल्या रेशीम अळ्यांत. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी, सामू (pH) १० च्या आसपास. त्या रसात बीटीचे स्फटिक विरघळून विष तयार होतं आणि आतड्याच्या पेशींना भोकं पडतात. बोंडअळीला मारायला जे वापरता ते रेशीम अळीला ओळखून सोडत नाही.

कपाशी फवारू नका असं मी कुठंही लिहिलेलं नाही, लेख परत वाचा. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही. आदल्या दिवशी एक फोन करा, वारा बघा, एवढंच मागणं होतं. फोन आला असता तर बांधाकडच्या चार ओळी मी तोडल्याच नसत्या.

पुढच्या सोमवारी चॉकीच्या, म्हणजे लहान अवस्थेतल्या अळ्या येणार आहेत. त्याआधी या. चप्पल बाहेर काढा, पाय दारातल्या चुन्यात ठेवा आणि आमचं शेड आतून बघा.