मूल उदास आहे? म्हणे क्विझ द्या!

महिनाभर एक मेसेज पालकांच्या ग्रुपांमधून फिरतोय. ‘मोबाइलवर शिकणारी मुलं जास्त आनंदी’ असं शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘जागतिक संशोधनाने सिद्ध’. कुठलं संशोधन, कुणाचं, कधीचं, काही पत्ता नाही. एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण आमच्या वहिनींनी तो मनावर घेतला आणि नववीतल्या पुतणीचा संध्याकाळचा खो-खो बंद करून त्या वेळेत अभ्यासाचं ॲप लावून दिलं. म्हणून हे लिहितेय.

‘फोन दिला की मुलं त्यावर अभ्यास करतात’ हा पहिला मुद्दा. लिहिणाऱ्याच्या घरात पंधरा वर्षांचं मूल नसावं. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या ‘असर 2024’ सर्वेक्षणात 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना मागच्या आठवड्याबद्दल विचारलं होतं. अभ्यासाचं काहीतरी केलं म्हणणारी 57 टक्के, सोशल मीडिया वापरला म्हणणारी 76 टक्के. आणि ही मुलांनी स्वतः दिलेली उत्तरं!

‘फोनमुळे मुलगा-मुलगी एका पातळीवर येतात’ हा दुसरा. त्याच सर्वेक्षणात स्वतःचा फोन असलेले मुलगे 36.2 टक्के आणि मुली 26.9 टक्के. बाकीच्यांना बाबा कामावरून आल्यावर मिळतो तो फोन, तोही चार्जिंग संपत आलेला.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. ‘मूल गप्प राहतं, चिडतं, एकटं बसतं? रोज वीस मिनिटं ॲपवर क्विझ खेळू द्या. डोपामाइन वाढतं, उदासी पळते.’ डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन, आनंदाचं टॉनिक नव्हे. बक्षिसाची चाहूल लागली की ‘अजून हवं’ असं वाटायला लावण्यात त्याचा मोठा हात असतो. मिळाल्यावर समाधान होईलच असं नाही. पुतणीच्या फोनवर रात्री पावणेदहाला आलेली सूचना मी पाहिली: रडका चेहरा आणि ‘तुझी 18 दिवसांची साखळी तुटणार!’ पोरगी अंथरुणातून उठली, दोन प्रश्न उरकले, उत्तरं बरोबर की चूक हे बघितलंही नाही. रोज न चुकता खेळल्याची साखळी वाचली. खाली नावांची उतरंड, त्यात हिचा नंबर 41वा. याला आनंद म्हणायचं?

आणि मूल खरंच आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर शाळेत कुणी छळत असेल, परीक्षेची धास्ती असेल, आजारही असेल. ते माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. क्विझ देऊन आपण त्याला अजून गप्प करतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. त्या मेसेजमध्ये एवढी एक ओळ लिहायला जागा नव्हती, फुलांच्या इमोजींना मात्र होती.

‘मैदानावरचा वेळ वाया जातो’ या चौथ्यावर फार बोलायला नको. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. खो-खो त्यात बसतो, स्क्रीनवर अंगठा फिरवणं बसत नाही. वहिनींना हे सांगितलं, तर ‘सहामाही होऊ दे, मग बघू’.

राहिला पाचवा: ‘मुलं आपल्या गतीने शिकतात, चारचौघांत लाज वाटत नाही.’ बरं, यात तथ्य आहे. वर्गात हात वर करायला घाबरणारं पोर व्हिडिओ चारदा मागे नेऊन बघतं, गणित सुटतं, त्याला बरं वाटतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य फुकट मिळतं. पण त्यासाठी साखळी, नंबर, रात्रीच्या सूचना यांतलं काहीच लागत नाही. आणि एवढ्यावरून मुलं ‘आनंदी’ होतात म्हणायचं असेल, तर मेसेज लिहिणाऱ्याने त्या जागतिक संशोधनाचं नाव द्यावं. मी वाचायला तयार आहे.