'इन', 'ऑन', 'ॲट' आणि व्हॉट्सॲपवरचा त्रिकोण

इंग्रजी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर एक चित्र कधी ना कधी येऊन गेलेले असते. त्यात एक उलटा त्रिकोण असून त्याचे तीन मजले पाडलेले असतात. वरच्या रुंद मजल्यावर 'इन' आणि त्यापुढे शतक, वर्ष, महिना. मधल्या मजल्यावर 'ऑन' आणि त्यापुढे वार, तारीख. अगदी खाली टोकाशी 'ॲट' आणि त्यापुढे घड्याळातील वेळ. सोबतच्या मराठी मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: काळ मोठा असेल तर 'इन', मध्यम असेल तर 'ऑन', लहान असेल तर 'ॲट', 'ॲट नाइट' हा अपवाद तेवढा पाठ करावा, 'मध्ये' म्हणजे 'इन', 'वर' म्हणजे 'ऑन' आणि 'ला' म्हणजे 'ॲट' असे भाषांतर करावे, आणि एवढे जमले की इंग्रजीत काळाची चूक होणार नाही. यातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि शेवटचे तर सरळ दिशाभूल करणारे आहे.

पहिले विधान मापाचे. काळाच्या लांबीवरून प्रीपोझिशन ठरत असते, तर 'आय विल बी बॅक इन अ सेकंड' हे वाक्य चुकीचे ठरले असते, कारण सेकंदाइतका लहान काळ घेऊनही तेथे त्रिकोणाच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा शब्द आला आहे. उलट बाजूने पाहिले तर ब्रिटिश इंग्रजीत शनिवार-रविवार या दोन दिवसांसाठी 'ॲट द वीकएंड' म्हणतात, चार-पाच दिवसांच्या सणाला 'ॲट ख्रिसमस' किंवा 'ॲट दिवाली' म्हणतात, आणि 'ॲट द एंड ऑफ द नाइन्टीन्थ सेंचुरी' यात तर काही वर्षांचा पट्टा सामावलेला असतो. बोलणारा त्या काळाकडे कसा पाहतो, यावर शब्द ठरतो. काळाला आत-बाहेर असलेली जागा मानली की 'इन' येते, नकाशावर बोट ठेवावे तसा एक बिंदू मानला की 'ॲट' येते, आणि दिनदर्शिकेतील एका विशिष्ट दिवसाला घटना चिकटवायची असली की 'ऑन' येते. म्हणूनच सण म्हणून 'ॲट ख्रिसमस', पण २५ डिसेंबर हा दिवस म्हणून 'ऑन ख्रिसमस डे'. लांबी बदलल्यामुळे शब्द बदलला असे येथे वाटू शकते. मात्र 'इन द मॉर्निंग' आणि 'ऑन मंडे मॉर्निंग' या जोडीत सकाळ तेवढ्याच तासांची राहते. दुसऱ्या प्रयोगात ती एका ठरावीक वाराची झाली, एवढाच काय तो फरक.

याच न्यायाने 'ॲट नाइट' हा अपवादही उरत नाही. रात्र म्हणजे दिवसाच्या चक्रातील एक मुक्काम, असे सर्वसाधारण बोलायचे असेल तेव्हा इंग्रजी 'ॲट नाइट' म्हणते. एखाद्या रात्रीच्या पोटात काही घडले, कोणी दचकून जागे झाले, तर 'इन द नाइट' हा प्रयोगही तितकाच शुद्ध असतो. तारीख जोडली की तीच रात्र 'ऑन'कडे जाते. पंडित नेहरूंचे संविधान सभेतील प्रसिद्ध भाषण १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे, म्हणजे 'ऑन द नाइट ऑफ' १४ ऑगस्ट. त्यातील ते गाजलेले शब्द मात्र 'ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट आवर' असे आहेत, कारण तेथे रात्रीचा विस्तार अभिप्रेत नसून घड्याळाचा ठोका अभिप्रेत आहे. रात्रीला असे तीनही शब्द लागतात हे जो मुलगा वाक्यांतून अनुभवतो, त्याला अपवाद पाठ करावा लागत नाही.

आता भाषांतराचा मुद्दा. 'ला' म्हणजे 'ॲट' हे सूत्र मांडणाऱ्याने मराठीकडे तरी नीट पाहिले आहे का, अशी शंका येते. आपण 'पाच तारखेला' म्हणतो आणि तेथे इंग्रजीला 'ऑन' लागते. वाराला प्रमाण मराठीत 'ला' लागतच नाही. आपण 'सोमवारी' म्हणतो, आणि हा 'ई' सप्तमीचा आहे. विदर्भात 'सोमवारला' सर्रास ऐकू येते, पण म्हणून तिकडच्या मुलांनी 'ॲट मंडे' लिहावे काय? 'दिवाळीत' या शब्दातील 'त' पाहून 'इन दिवाली' लिहिणारे पुष्कळ भेटतात, तेही याच सूत्राचे बळी. 'पाच वाजता' मध्ये तर प्रत्ययाऐवजी 'वाजणे' हे क्रियापद आहे, म्हणजे आपली वेळ मुळात घंटेच्या आवाजावर बेतलेली आहे. 'पुढच्या सोमवारी' आणि 'दर सोमवारी' येथे मराठीला प्रत्यय हवा असतो, इंग्रजी मात्र 'नेक्स्ट' आणि 'एव्हरी' यांच्या आधी काहीही लावत नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' ही खास आपल्याकडची भर. एका जागी मात्र हे सूत्र चक्क जुळते: 'वेळेत' आणि 'वेळेवर' ही जोडी 'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' या जोडीशी प्रत्ययाला प्रत्यय जोडून बसते. तरीही, 'डॉक्टर वेळेवर आले म्हणून जीव वाचला' या वाक्याला इंग्रजीत 'इन टाइम'च लागेल, हे विसरून चालत नाही.

'पाच मिनिटांत' आणि 'पाच मिनिटांनी' यांत मराठी काटेकोर भेद करते. गणित पाच मिनिटांत सुटते. माणूस पाच मिनिटांनी येतो. इंग्रजी या दोन्ही ठिकाणी 'इन फाइव्ह मिनिट्स' वापरते, आणि संदिग्धता टाळायची असेल तर पहिल्या अर्थासाठी 'विदिन' घेते. या बाबतीत आपली भाषा अधिक नेमकी आहे, हे सांगताना मला थोडा आनंद होतो.

राहिले शेवटचे विधान, तीन शब्द जमले की चूक होणार नाही हे. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कार्यालयीन पत्रांत 'इन', 'ऑन', 'ॲट' यांच्या चुका असतात, पण त्यांनी सहसा कोणाचे काही बिघडत नाही. 'ॲट मंडे' लिहिले तरी वाचणारा सोमवारीच येतो. अर्थाचा घोटाळा होतो तो 'पर्यंत' आणि 'पासून' या दोन शब्दांपाशी, आणि त्रिकोणात त्यांना जागाच नाही.

मराठीत 'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत पैसे भर' या दोन्ही वाक्यांत 'पर्यंत' आहे. पहिल्यात क्रिया पाच वाजेस्तोवर चालू राहते, दुसऱ्यात ती पाचच्या आत एकदा उरकायची असते. इंग्रजीत पहिल्याला 'टिल' किंवा 'अन्टिल' आणि दुसऱ्याला 'बाय' लागते. एका तरुण अभियंत्याच्या पत्रात 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असे वाक्य होते. अहवाल शुक्रवारी उशिरात उशिरा पोहोचेल, असे त्याला म्हणायचे होते. वाक्याचा इंग्रजी अर्थ मात्र शुक्रवार उजाडेपर्यंत तो अहवाल पाठवतच राहील असा होत होता. त्याला त्रिकोण तोंडपाठ होता.

'पासून'चे दुखणे दुहेरी आहे. '२०१९ पासून' आणि 'दोन वर्षांपासून' हे मराठीत एकाच साच्यात बसते, पण इंग्रजी आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' लावते. शिवाय 'मी दोन वर्षांपासून येथे काम करतो' या मराठी वाक्यात साधा वर्तमानकाळ चालतो, त्यामुळे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य जन्माला येते, ज्यात प्रीपोझिशन आणि क्रियापदाचा काळ दोन्ही घसरलेले असतात. तेथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स' हवे. यात मराठी माणसाचा अडाणीपणा शोधू नये. जर्मन भाषेतही 'झाइट' हा एकच शब्द 'सिन्स' आणि 'फॉर' या दोघांचे हे काम करतो, तोही वर्तमानकाळासह, आणि 'बिस' हा एकच शब्द 'बाय' आणि 'टिल' दोन्हींसाठी पुरतो. त्यामुळे जर्मन माणसे इंग्रजी लिहिताना नेमकी याच दोन ठिकाणी अडखळतात. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना हे दोन शब्द मराठीतून चटकन समजतात, ते यामुळेच.

त्या अभियंत्याने दुरुस्त केलेल्या पत्रात 'बाय फ्रायडे' आले. खाली त्याने रजेचाही उल्लेख केला होता, 'ऑन लीव्ह टिल ट्वेल्थ', आणि तेथे 'टिल' अगदी बरोबर होते. फक्त बारा तारखेला तो कामावर असणार की नाही, हे ना त्या इंग्रजीतून कळत होते ना 'बारा तारखेपर्यंत रजेवर' या मराठीतून; म्हणून त्यापुढे 'बॅक ऑन द थर्टीन्थ' असे तीन-चार शब्द वाढवून घेतले.