रॉकेलचा खाडा

इंधनटंचाईचा विषय निघाला की सगळे लिटर आणि रुपयांत बोलतात. आमच्या घरात ती खाड्यांत मोजली जायची. आई मनमाडला कांद्याच्या खळ्यावर रोजानं जायची. रेशनला रॉकेल आलं की त्या दिवसाचा खाडा ठरलेला. ते कधी येणार हे आधी कोणी सांगायचं नाही. "आलं गं, आलं!" अशी हाक गल्लीतून गेली की हातातलं टाकून पळायचं.

हे २००३-०४ सालचं सांगतेय. मी सहावीत होते. आईचा रोज बुडू नये म्हणून कितीदा तरी मीच शाळा बुडवून रांगेत बसले. उन्हात उभं राहवत नाही म्हणून माणसांच्या जागी कॅनची रांग लागलेली असायची. कोणाच्या कॅनला लाल चिंधी, कोणाच्या कॅनला सुतळी. आमच्या कॅनच्या मुठीत आईची फुटकी प्लास्टिकची बांगडी अडकवलेली होती, ओळखू यावा म्हणून. शटर अर्धंच उघडायचं. नंबर येईपर्यंत कधी चार लिटर मिळायचं, कधी तीन, कधी नुसतंच "संपलं, पुढच्या महिन्यात या". कार्डावर नोंद मात्र चारची. त्या नोंदीचा राग मला आजही येतो.

चार लिटर पाच माणसांना बारा-तेरा दिवस पुरायचं, तेही अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून. शेवटाला आई कॅन भिंतीला तिरका टेकवून ठेवायची. कोपऱ्यात जमलेलं निळं रॉकेल नरसाळ्यातून बाटलीत उतरायचं, थेंब थेंब. मग ते स्टोव्हला घालायचं की कंदिलाला, हा प्रश्न. भारनियमन तर रोजचंच. परीक्षा जवळ आली की आई ते कंदिलाला घालायची आणि स्वतः ओल्या काटक्या फुंकत भाकरी करायची. तिचा खोकला मी पुस्तकासमोर बसून ऐकलाय.

आणि हे कुठे, तर मनमाडला! मुंबईहून पाइपलाइननं येणारं इंधन शेजारच्या पानेवाडीच्या डेपोत उतरतं, तिथून टँकर भरून गावोगाव जातं. आमच्या शाळेच्या रस्त्यावरून टँकरची रांग जायची आणि आम्ही कॅन घेऊन बसलेलो. रॉकेल नव्हतं असं नाही, ते वाटेत वळत होतं. रेशनचं रॉकेल नऊ-दहा रुपये लिटर आणि डिझेल त्याच्या दुपटीहून जास्त. भेसळ ओळखू यावी म्हणून रॉकेलला निळा रंग द्यायचे, तरी ते डिझेलमध्ये मिसळलं जायचंच. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे अशाच भेसळीच्या मागावर मनमाडजवळ थांबले आणि त्यांना तिथेच जिवंत जाळलं. ती बातमी ऐकून आई बराच वेळ गप्प बसली होती. मग एवढंच म्हणाली, "आपलं रॉकेल कुठं जात होतं ते त्या माणसानं बघितलं."

म्हणून म्हणते, टंचाई आली की सगळ्यांनी थोडी कळ सोसावी, असं कोणी सांगू नये. सगळे सोसत नाहीत. ज्याच्याकडे पैसा आहे तो काळ्या बाजारात घेतो. ज्याच्याकडे साठवायला जागा आहे तो आधीच भरून ठेवतो. लिटर-लिटरनं घेणाऱ्याच्या वाट्याला रांग येते, आणि त्या रांगेत बहुतेक बाया आणि पोरं असतात. माल कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे दोन दिवस आधी फळ्यावर लिहायला काय लागतं? वाटप संध्याकाळी, कामावरून माणसं परतल्यावर करायला काय हरकत आहे? एवढं केलं असतं तरी आईचे निम्मे खाडे वाचले असते.

आता रॉकेल गेलं. २०१६ पासून उज्ज्वलाचा गॅस आला आणि तो खरोखर आला, धुरातून बाया सुटल्या, हे मी मोकळेपणानं मान्य करते. पण गॅस असलेल्या कार्डावर रॉकेल बंद झालं. म्हणजे सिलिंडर संपला आणि भरायला पैसे नसले की मधला स्टोव्हही उरला नाही, सरळ चूल.

दिवाळीत माहेरी गेले होते. शेजारच्या मावशींच्या घरी शेगडी फडक्यानं झाकलेली आणि मागच्या दारी चूल पेटलेली. सिलिंडर कधी भरणार, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "खळ्यावर काम लागू दे, मग बघू."